करंजेलावरचं इंजन

होळी विझली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवसी झाडणी घेऊन ओढ्यावर गेली. चिखलोलीच्या वर डोंगराच्या पायाशी ठाकरांची वाडी, वाडीखाली ओढा आणि ओढ्याच्या काठानं करंजांची रांग. वाडीची रीत अशी, की होळीनंतर ज्या बाईनं ज्या झाडाखालची जागा पहिल्यांदा झाडली, त्या झाडाच्या त्या सालच्या शेंगा तिच्या. मग बाकीच्यांनी तिकडं पाय टाकायचा नाही. कागद नको, साक्षीदार नको, झाडणीचे फराटे मातीत उमटले की झालं. एरवी पाण्याच्या हंड्यावरून झिंज्या उपटणाऱ्या बायकासुद्धा ही रीत मोडत नसत. आणि मोडायची तरी कशाला? करंजाला विचारतो कोण? ना त्याचं फळ खाता येत, ना पान. खरूज झाली की अंगाला चोळायचं कडू तेल, म्हणजे करंजेल, आणि घरात रॉकेल नसलं की तेच दिव्यात घालायचं, एवढाच त्याचा मान.

पण गेल्या दोन सालांत करंजाचा भाव फिरला होता, म्हणून नवसी तांबडं फुटायच्या आत आली होती. सासूच्या वेळेपासूनची आपली झाडं तिनं झाडली, पाचोळा एका कडेला लोटला आणि वाळलेल्या शेंगा टोपलीत भरायला बसली. एवढ्यात पाठीमागं बूट वाजले.

वाडीत बूट कुणाच्याच पायात नसत. तिनं वळून बघितलं तर वाळू. तिचा सख्खा भाऊ. आई गेली तेव्हा हा रांगत होता, नवसीनं त्याला कडेवर वागवून मोठा केला. त्याच्या अंगभर खरूज फुटली होती तेव्हा ह्याच झाडांचं तेल चोळचोळून तिनं ती मारली होती. आता अंगात खाकी सदरा, पायात कुणाचे तरी जुने बूट, हातात तेल पाजलेली काठी.

"बाय, ऊठ तिथून," वाळू म्हणाला.

नवसीला वाटलं, थट्टा करतोय. "का रं? तुझ्या बानं लावलंय झाड?"

"दौलतरावांचं हाय. ओढ्याखालची शेतं त्यांची, ओढ्याची ही कड पण त्यांच्याच हद्दीत येते. शेंगा आता त्यांच्या. मना राखणीला ठेवलंय."

"आन तू राह्यलास?"

तो पुढं आला आणि झाडलेल्या जागेवर चालत गेला. नुसता गेला नाही, बूट घाशीत गेला, फराटे पुसत गेला. नवसीचं टाळकं सणकलं. तिनं उठून त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. "पाय काढ आधी. माझ्या सासूनं झाडलेली जागा हाय ही."

वाळूनं काठीनं टोपली उडवली. शेंगा ओढ्यात गेल्या, दगडांवर पसरल्या. तिनं काठी धरली तेव्हा त्यानं मोकळ्या हाताच्या पंजाची पाठ तिच्या तोंडावर मारली. लहानपणी तिनं त्याला चिक्कार बडवला असेल, पण त्यानं कधी तिच्यावर हात उचलला नव्हता. तिचा खालचा ओठ दातावर फाटला. ती रक्त थुंकली ते झाडलेल्या मातीवरच पडलं. वाळू ते बघत राहिला, मग दुसरीकडं बघायला लागला.

"घरी जा," तो हळू म्हणाला. "मालकानं बघितलं तर मना आणखी मारायला लावंल."

करंजाची एवढी किंमत झाली कशानं, तर त्या इंजनानं.

लढाई संपली, कल्याणच्या पलीकडच्या छावणीतले सोल्जर गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधमधून घरंदारं टाकून आलेली माणसं भरली. त्या कॅम्पातल्या जयदेवशेटनं लष्कराच्या भंगारातलं एक इंजन विकत घेतलं, बैलगाडीत घालून बदलापूरला आणलं आणि कात्रपच्या वाटेवर भाताची गिरणी घातली. इंजन दणकट होतं, पण त्याला क्रूड तेल लागायचं. क्रूड मिळायचं सरकारी परमिटावर, आणि परमिट हातात आलं म्हणून क्रूड डब्यात येईलच असं नाही. निम्मे दिवस गिरणीला कुलूप. शेट ओट्यावर डोकं धरून बसायचा. नवसीचा नवरा सखा त्याच्याकडं हमाल होता, त्यालाही मग बसून राहावं लागायचं.

एकदा शेट सख्याला शोधत वाडीवर आला आणि त्याच्या झोपडीत करंजेलाचा दिवा जळताना त्यानं बघितला. "ये कौन सा तेल है, साईं?" त्यानं वाटीतल्या तेलात बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि थू थू केलं. पण त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं. लढाईच्या दिवसांत कुणी कुणी बियांच्या तेलावर इंजनं चालवली होती, असं त्यानं कराचीत ऐकलं होतं. त्यानं ते तेल इंजनाला पाजलं. इंजन खोकलं, काळं ओकलं, बंद पडलं. शेट आणि सखा, दोघांनी मिळून ते किती वेळा बिघडवलं आणि किती वेळा उघडून पुसलं त्याला गणती नाही. पण शेवटी जमलं. गिरणीच्या नळकांड्यातून जळक्या कडू वासाचा धूर निघायला लागला आणि घोटभर क्रूडवर दिवसभर भात भरडलं जायला लागलं.

त्याची रीत त्या दोघांनी अशी बसवली. भिंतीवर दोन डबे, लहान क्रूडचा, मोठा करंजेलाचा, आणि दोन्हींच्या मधे पितळी कॉक, तेलाची तोटी. थंड इंजन करंजेलावर उठत नाही, म्हणून क्रूडवर सुरू करायचं. तापलं की कॉक फिरवून करंजेल द्यायचं. आणि बंद करायच्या आधी कॉक पुन्हा क्रूडवर आणून एक चिलीम ओढून होईस्तोवर चालू ठेवायचं, म्हणजे आतलं करंजेल धुऊन निघतं. हे विसरलं की गरम नळीत करंजेल आटतं, त्याचा डिंक होतो आणि सकाळी इंजन काही केल्या उठत नाही. उठवायचं ते हँडल मारून. चाकाला वेग आला की डाव्या हातानं इंजनात दाब धरणारी वरची कळ पाडायची आणि इंजनानं पेट घेतला की त्याच दमात हँडल शाफ्टावरून ओढून घ्यायचं. अंगठा मुठीत आवळायचा नाही, बोटांच्या बाजूनं ठेवायचा. चाकाचा वेग कमी पडला तर इंजन उलटा हिसडा मारतं, तेव्हा हात तरी सुटतो.

शेटनं गिरणीमागं बैलाचा घाणा घातला. बियांच्या बदल्यात तो कणी द्यायचा. कणी म्हणजे गिरणीतले तुटके तांदूळ, गावात कोंबड्यांना घालतात ते. पण श्रावणात वाडी कडू कंद उकडून खात होती तेव्हा नवसीच्या चुलीवर त्या कणीचा भात शिजला. दोन पावसाळे तिच्या घरात कुणी उपाशी झोपलं नाही. हे दौलतरावानं बघितलं. ज्या झाडांकडं त्याच्या बापानं ढुंकून बघितलं नव्हतं ती एकाएकी त्याच्या हद्दीत आली.

सखा मऊ माणूस. नवसीचा सुजलेला ओठ बघून तो रात्रभर कुशी बदलत राहिला. सकाळी उठला, टोपली घेतली आणि म्हणाला, "चल. झाडलेली जागा आपली हाय. आपण काय चोरी नाय करीत."

"कोयता घे," नवसी म्हणाली.

"बी वेचायला कोयता कशाला?"

ते पोचले तेव्हा वाळू होता, दौलतरावाचे आणखी दोन गडी होते आणि स्वतः दौलतराव छत्री उघडून बांधावर उभा होता. वाडीतली माणसं वर टेकाडावर जमली होती. खाली कुणी आलं नाही. निम्मी वाडी दौलतरावाच्या लावणीला जायची. सखा कुणाकडं न बघता झाडाखाली बसला आणि शेंगा वेचायला लागला. नवसी त्याच्या शेजारी पुसलेली जागा पुन्हा झाडायला लागली. खराट्याचा तेवढा आवाज येत होता.

दौलतराव वाळूला म्हणाला, "बहीण म्हणून जमत नसेल तर सांग. दुसरा माणूस बघतो. कपडे उतरून ठेव आणि जा."

वाळूनं काठी उचलली ती नवसीवर. सख्यानं बसल्या बसल्या उजवा हात मधे घातला. मनगटावर काठी बसली आणि हाड मोडल्याचा आवाज टेकाडापर्यंत ऐकू गेला. सख्याचा हात मनगटापासून भलतीकडंच लोंबला. तो ओरडला नाही, फक्त त्याचं तोंड उघडं राहिलं. वाळू काठीकडं बघत उभा होता.

"पुन्हा," दौलतराव म्हणाला.

वाळूनं पुन्हा मारलं, पाठीवर, मग खांद्यावर. नवसीनं त्याची पोटरी धरली आणि दात रुतवले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. एका गड्यानं तिला केसांना धरून ओढत नेलं, तिच्या पाठीचं कातडं दगडांवर सोलवटलं. वाळू लंगडत बाजूला झाला आणि ओढ्यात जाऊन ओकला. दौलतरावानं सांडलेल्या शेंगा सख्याला गोळा करायला लावल्या. डाव्या हातानं एकेक शेंग उचलून सखा ती दौलतरावाच्या पोत्यात टाकत राहिला, जागा मोकळी होईस्तोवर. नवसीनं हे सगळं बघितलं. पाठीची आग तिला आठवत नाही, ती शेंगा टाकणारा हात आठवतो.

वाडीतल्या म्हाताऱ्यानं बांबूच्या काड्या लावून हात बांधला. तो सरळ बसणार नाही हे त्याला बांधतानाच कळलं होतं. नवसी गिरणीवर गेली.

"शेट, बी आता कुणाचं घेनार?" तिनं विचारलं.

जयदेवशेटनं तिच्याकडं बघायचं टाळलं. "बाई, मेरेको तेल होना. दौलतराव गाडी भर के देता है. मैं तो रिफ्यूजी आदमी, इधर किससे झगडा करू?"

"आन सख्याचं काम?"

"एक हाताने इंजन कैसे मारेगा? दौलतराव बोलता है, वाळू को रखो. हात बरा होऊ दे, मग बघू. तू पाखडायला ये, कणी देतो."

म्हणजे झाडं गेली, नवऱ्याचं काम गेलं, आणि ज्यानं हात मोडला तोच त्या हाताच्या जागी आला. नवसी सूप घेऊन गिरणीच्या दारात बसली. दुसरं करणार काय? पावसाळा यायचा होता. ती कोंडा पाखडायची आणि समोर वाळू हँडल मारायचा. लंगडायचा अजून. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत.

वाळूला सगळं नीट शिकवायला शेटला वेळ नव्हता. संध्याकाळी बंद करायच्या वेळी शेट स्वतः येऊन कॉक फिरवायचा, थांबायचा, मग वाळू इंजन बंद करायचा. वाळूला वाटायचं, शेटला उगाच चाळे करायची सवय आहे. सख्यानं हे नवसीकडून ऐकलं आणि तो उठून बसला.

"त्याला बंद करायची रीत ठावं नाय. अंगठा पण मुठीत धरत आसंल. उद्या सांग त्याला."

"मी सांगू?"

"मग कोण? मी गेलो तर त्याला वाटंल भांडाया आलो."

"तुझा हात मोडला त्यानं. जल्मभर वाकडा राहील तो. आन तू त्याला शिकवतोस?"

"इंजन काय बघून मारत नाय, नवसे. कुणालाबी मारंल."

सख्याचा तिला त्या वेळी वाळूपेक्षा जास्त राग आला.

एका दुपारी शेट परमिटासाठी कल्याणला गेला आणि संध्याकाळच्या गाडीला परतला नाही. दिवे लागायच्या सुमारास भात संपलं. वाळू इंजनापाशी गेला. कॉक करंजेलावर होता. नवसी हातात सूप धरून दारात उभी होती. त्याच्यापासून दोन हातांवर. कॉक तिला दिसत होता. "कॉक फिरव," एवढंच म्हणायचं होतं.

वाळूला तिची नजर लागली. "काय बघतंस?" तो गुरकावला.

"काय नाय," नवसी म्हणाली.

वाळूनं इंजन तसंच बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं. नवसीनं सूप भिंतीला टांगलं, कणी पदरात बांधली आणि ती वाडीची वाट चालायला लागली. वाटेत तिला बरं वाटत होतं. हे खोटं कशाला सांगायचं? त्या होळीपासून पहिल्यांदा तिला पोटभर बरं वाटत होतं. उद्या ह्याचाही हात लोंबू दे. उद्या ह्यालाही डाव्या हातानं घास उचलू दे. तिनं चुलीवर कणी चढवली आणि सख्याला काहीच सांगितलं नाही.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर गिरणीवर गेली. बघायला गेली होती. भाताच्या गाड्या लागल्या होत्या, दौलतरावाचीही होती. वाळू हँडल मारत होता आणि इंजन उठत नव्हतं. मारून मारून त्याचा सदरा पाठीला चिकटला. गाडीवाले ओट्यावर बसून बिड्या ओढत त्याची फिरकी घेत होते.

"सखा तर एका झटक्यात उठवायचा रं."

"दौलतरावाचं खाऊन पण ताकद नाय ह्याला."

वाळूचं तोंड काळवंडलं. त्यानं एका काठीला चिंधी गुंडाळली, रॉकेलात बुडवून पेटवली आणि तेलाची नळी शेकायला लागला. कडू वास सुटला. नळीतला डिंक पातळ होत होता. चिंधी फेकून तो पुन्हा हँडलला लागला. अंगात जोर राहिला नव्हता, चाक नुसतं रखडत फिरत होतं. नवसी दारात सूप घेऊन बसली होती, पण सुपात काही नव्हतं. तिची नजर त्याच्या मुठीवर होती. अंगठा आत आवळलेला. आता मोडेल, ती मनात म्हणाली. आता मोडेल.

वाळूनं घाम पुसला आणि जीभ दातांत धरली. लहानपणी कसलंही जड काम करताना तो अशीच जीभ दातांत धरायचा. पहिल्यांदा हंडा उचलला तेव्हा अशीच धरली होती, आणि हंड्यासकट आपटून त्यानं ती चावून घेतली होती. नवसीनं त्याच्या तोंडात हळद भरली होती. हे तिला आत्ता आठवायला नको होतं. पण आठवलं, आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं.

"वाळू, अंगठा काढ."

होळीनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी आपणहून बोलली होती. त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. "काय गं बाय?" तो म्हणाला. आवाज साधा होता, पूर्वीसारखा. त्याच्या डाव्या हातानं कळ पडली होती. इंजनानं त्याच क्षणी पेट घेतला आणि हँडल ओढून घ्यायचं राहून गेलं. ते त्याच्या मुठीतून सुटलं, चाकाबरोबर गरकन फिरलं आणि वाळूच्या कानामागं बसलं. एकदा बसलं. मग शाफ्टावरून निखळून करंजेलाच्या डब्यावर आदळलं आणि डबा चेपला.

वाळू गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर कलंडला. कानामागं खळगा पडला होता आणि तिथून रक्त येत होतं, नाकातूनही येत होतं. त्याचा उजवा पाय बुटासकट जमिनीवर घासत राहिला. नवसीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पदर लावला, पदर भिजला. चेपलेल्या डब्यातून करंजेल गळत होतं, तिनं ते ओंजळीत धरून जखमेवर ओतलं आणि हातानं चोळायला लागली. जखमेला करंजेल लावायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. बोटांखाली हाड हलत होतं.

"गाडी जुंपा," कुणीतरी म्हणालं. "कल्याणला न्या."

गाडी जुंपून होईस्तोवर पाय थांबला.

इंजन चालू होतं. पट्टा फिरत होता, मोकळं जातं खडखडत होतं, आणि त्याच्या जवळ जायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात जयदेवशेट स्टेशनावरून धावत आला आणि दारातच थबकला. "बंद करो," तो म्हणाला. "अरे कोई बंद करो इसको." कुणी हललं नाही. वाडीवर बातमी पोचली होती, बांधलेला हात छातीशी धरून सखा पळत आला. त्यानं वाळूकडं बघितलं, नवसीकडं बघितलं. मग तो इंजनापाशी गेला आणि डाव्या हातानं त्यानं कॉक क्रूडवर फिरवला.

"बंद कर ना," शेट म्हणाला.

"थांबा शेट. असंच बंद केलं तर उद्या आणखी कुणाचं तरी डोकं फुटंल."

सगळे थांबले. मेलेला माणूस बहिणीच्या मांडीवर, आणि सगळी माणसं इंजन धुऊन निघायची वाट बघत उभी. धुराचा वास बदलत गेला, कडूपणा कमी झाला. एक चिलीम ओढून होईल एवढाच वेळ. नवसीला तो वेळ कळला. एवढाच लागतो. काल संध्याकाळी एवढाच लागला असता. मग सख्यानं इंजन बंद केलं आणि गिरणीत वाळूच्या बायकोचा, चंद्रीचा आवाज शिरला. ती बांधावरून छाती पिटत येत होती.

पोलीस आला, बघून गेला. अपघात झाला असं सगळ्यांनी सांगितलं, आणि झालाही अपघातच होता. दौलतराव प्रेताला आला नाही. त्यानं गड्याकरवी खाकी सदरा आणि बूट परत मागवले. वाळूला नागव्या पायांनी पुरलं. वाडीनं हे मनात धरलं. पावसाळ्यात दौलतरावाचा माणूस लावणीला बोलवायला आला तेव्हा टेकाडावरून एकही बाई खाली उतरली नाही, एकही गडी नांगराला गेला नाही. त्यानं दम दिला, एकाची झोपडी पेटवली. तरी कुणी गेलं नाही. दौलतरावाचं भात आव्यातच, रोपांच्या वाफ्यातच, वाढून पिवळं पडलं. दिवाळीच्या आत त्यानं निरोप धाडला, की करंजं हवी तर घ्या, मला त्याचं काय करायचंय. सखा गिरणीवर परत गेला. वाकड्या मनगटानं त्याला हँडल धरता येईना, म्हणून तो डाव्या हातानं मारायला शिकला, आणि कळ पाडायला शेट स्वतः उभा राहायला लागला.

जे हवं होतं ते सगळं नवसीला मिळालं. झाडं मिळाली, नवऱ्याचं काम मिळालं, चुलीवर कणी मिळाली. ती मात्र खायला बसली की अर्ध्यातच उठायची. सख्यानं एकदाच विचारलं, "त्याला सांगितलं होतंस ना?" ती चुलीत फुंकर घालत राहिली. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

पुन्हा होळी आली. नवसी दुसऱ्या दिवशी झाडणी घेऊन ओढ्यावर गेली. पहिल्या झाडाखालची जागा तिनं झाडली आणि वर बघितलं तर चंद्री समोर उभी. कपाळ मोकळं, हातात रिकामी टोपली, अंगावरचं लुगडं गाठी मारून नेसलेलं. वर्षभर दोघी एकमेकींच्या वाटेला गेल्या नव्हत्या. चंद्री लोकांच्या घरी दळण दळून पोट भरत होती.

"वन्सं," चंद्री म्हणाली, "गाडीवाले सांगत होते. तुम्ही हाक मारलीत म्हणून त्यांनी मागं बघितलं."

"होय."

"सगळी म्हणतात, बहिणीची माया. मारलं होतं तरी हाक मारली." ती थांबली. "काय सांगत होतात तुम्ही त्यांना?"

होळी झाल्यावर ओढ्यात पाणी राहत नाही, आताही नव्हतं. ज्याच्या आड लपावं असा पाण्याचा आवाजही नव्हता. नवसीनं झाडणीकडं बघितलं.

"आदल्या सांजेला सांगायचं होतं ते," ती म्हणाली. "इंजन चुकीचं बंद करीत होता. मना दिसत होतं. सख्यानं मना सांगूनबी ठेवलं होतं. मी बोलले नाय. त्याचा हात मोडावा म्हणून बोलले नाय."

चंद्रीला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं टोपली खाली ठेवली, नवसीच्या हातातली झाडणी ओढून घेतली आणि तिला झाडणीनंच मारायला सुरुवात केली. तोंडावर, मानेवर, दंडांवर. बाईला झाडणीनं मारणं म्हणजे तिला माणसांतून काढणं, हे दोघींनाही ठाऊक होतं. नवसीनं हात वर केला नाही. गालावर काड्यांचे वळ उठले, एक काडी भुवईखाली रुतून मोडली आणि तिथून रक्ताचा ओघळ आला. ती उभीच राहिली. झाडणीची दोरी सुटली, काड्या झाडलेल्या जागेवर विखुरल्या. हातात मूठभर उरल्या तेव्हा चंद्री थांबली आणि मटकन खाली बसली.

बराच वेळ ती धापा टाकत होती. मग तिनं लुगड्याच्या पदराची एक चिंधी फाडली. बसल्या जागेवरून हात लांब करून करून काड्या गोळा केल्या, चिंधीनं आवळून बांधल्या. उठली. नवसीच्या पावलांपासून तिनं झाडायला सुरुवात केली.

नवसी मागं सरकली आणि झाडलेल्या जागेच्या बाहेर जाऊन उभी राहिली. चंद्रीनं पहिलं झाड झाडलं, दुसरं झाडलं, आणि सूर्य वर येईस्तोवर करंजांची अख्खी रांग झाडून काढली. त्या सालचं बी तिचं.